फाटकापर्यंत

निपाणीपासून समुद्र चार-साडेचार तासांवर आहे, आणि बेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी तो पाहिला नव्हता. सांगायला लाज वाटते, पण आहे हे असं आहे. माहेरी तंबाखूची शेती, सासरी पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. नवरा धंद्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी गोव्याला जायचा आणि येताना काजू आणायचा. बायकोला समुद्र नाही तर नाही, काजू तरी, असा त्याचा हिशोब असावा.

गेल्या जानेवारीत मी हट्टच धरला. सासूबाईंना घरी एकटं कसं ठेवायचं, हा प्रश्न निघालाच, तेव्हा त्यांनाही गाडीत बसवलं. नवरा आम्हाला किनाऱ्यावरच्या एका गावात सोडून गोव्याला जाणार होता आणि मधला एक दिवस टाकून तिसऱ्या दिवशी उजाडताच न्यायला येणार होता. म्हणजे माझ्या हातात एकच दिवस.

नाताळची गर्दी केव्हाच ओसरली होती. तसंही त्या गावाला वाळू नाही, नुसता काळा कातळ, त्यामुळे नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी सोडली तर तिकडं कुणी फिरकत नाही. आम्ही उतरलो त्या लॉजच्या सगळ्या खोल्यांना कुलपं, उघडी एक आमची. आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आम्हा जैनांचं जेवण दिवस बुडायच्या आत, म्हणून घाईघाईनं घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समुद्र काजूच्या झाडांमागं, खाली, पायऱ्या उतरून. दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मी म्हटलं, उद्या आख्खा दिवस आपलाच आहे.

सकाळी मी वेणी घातली, नव्या चपला पायांत घातल्या आणि सासूबाईंचा जप संपायची वाट बघत बसले. जप संपला. त्यांनी रोजच्यासारखे हात जोडले आणि रोजचंच वाक्य म्हटलं, "उद्याचा दिस उगवंपतूर फाटकाभायेर पाऊल टाकणार न्हाय."

हा त्यांचा नेम, आदल्या दिवशी प्रवासामुळं तेवढा न घेतलेला. माणूस जितकं कमी हिंडेल तितके पायाखाली कमी जीव मरतात, म्हणून आमच्याकडं काही जण दिवसाची हद्द अशी बांधून घेतात. घरी फाटक म्हणजे आमचं निळं फाटक. पण इथंही एक फाटक होतं, गंजकं, बिजागरीतून निखळलेलं, आणि समुद्राच्या पायऱ्या त्याच्या पलीकडं. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. जीभ चावली. सवयीनं आलं, म्हणाल्या. पण नेम एकदा उच्चारला की उच्चारला, तो काही परत घेता येत नाही.

मला इतका राग आला की काय सांगू. सत्तरीच्या बाईला परक्या ठिकाणी एकटं टाकून कसं जायचं? गुडघे धड नाहीत, न्हाणीघराची फरशी निसरडी. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. दहा वाजले, अकरा वाजले. खोल्या झाडणारी बाई दोनदा येऊन गेली आणि समुद्र सोडून फाटकाकडं काय बघत बसलाय, म्हणून हसली. दुपारी नवऱ्याचा फोन आला, बघितला का समुद्र? मी म्हटलं, आवाज येतोय. जेवणाची भांडी मी अशी आदळली की काजूवरचे कावळे उडाले. सासूबाई माळ ओढत होत्या. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात, तो कुणी असा समोर बसून नेला तर जास्त लागतो.

पाच वाजता मात्र माझा तोल गेला. हा नेम तुम्हाला दिला तरी कुणी, असं मी फाडकन विचारलं. एखाद्या महाराजांचं नाव सांगतील असं वाटलं होतं.

"कुणी न्हाय," त्या म्हणाल्या. "तुझं मामंजी कुठं जाऊ द्यायचं न्हाईत. म्हायेरालाबी न्हाय. रोज इचारायचं, रोज न्हाय ऐकायचं. मग म्हटलं, आपुनच न्हाय म्हणू की. नेम धरला. तवापासनं मला कुणी अडवलं न्हाय बघ."

अठरा वर्षं रोज सकाळी ते वाक्य मी स्वयंपाकघरातून ऐकत आले होते आणि बाई किती धार्मिक म्हणून लोकांत कौतुकही सांगत होते.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नेम माझा हाय. तू का बसलीस गं सकाळधरनं?"

मी चपलाही न घालता निघाले. जांभ्यात खोदलेल्या पायऱ्या झपाझप उतरले आणि खाली कातळावर जाऊन उभी राहिले. समुद्र मला वाटला होता त्यापेक्षा फार मोठा होता. काळ्या दगडावर पाणी आपटायचं, पांढरं व्हायचं आणि फटींतून परत जायचं. अंगावर तुषार आले. मला रडू फुटलं. तिथं मला बघणारं कुणी नव्हतं, म्हणून मनसोक्त रडले.

मग सूर्याकडं लक्ष गेलं. दिवस बुडायच्या आत सासूबाईंचं जेवण व्हायला हवं. डबा वरच्या फळीवर, त्यांचा हात पोचेल का? पाण्याला उठल्या आणि पाय घसरला तर? अर्धा तासही झाला नसेल, मी माघारी वळले आणि धापा टाकत पायऱ्या चढले.

त्या खुर्चीतच होत्या. एवढ्यात आलीस, म्हणाल्या. खोलीत त्यांचं ताट धुऊन पालथं घातलं होतं. माझ्या वाटणीच्या दोन दशम्या झाकून ठेवल्या होत्या. मला माघारी यायला कुणीही हाक मारली नव्हती.