चिमीच्या टोपीवरचा डोळा

"त्या डोल्यासमोर मना बोलवत नाय, अक्षदा. तू कारून घे त्याला, मंग बोलतंव."

माठाची जुडी बांधता बांधता हिरामणनं सुनेला सांगून टाकलं. डोळा म्हणजे नातीच्या टोपीवर बसवलेला बोटभर कॅमेरा. नात चिमी, दहा महिन्यांची, गोणपाटावर बसून वाटी आपटत होती.

कात्रपच्या इमारतींमागं हिरामणची भाजीची पट्टी अजून उरलीय. सकाळी भाजी विकायची, दुपारी उद्याच्या जुड्या बांधायच्या आणि चिमीला सांभाळायचं. सून अंबरनाथला संशोधनात आहे. तान्हं पोर नुसतं बघून-ऐकून कसं शिकतं, तसं एका कोऱ्या कॉम्प्युटरला शिकवून बघायचं, हे तिचं काम. चिमीला दिसेल तेच त्याला दिसणार, तिच्या कानावर पडेल तेच त्याच्या.

एरवी हिरामणचं तोंड मिटत नाही. कावळ्याला शिव्या, किडीला शिव्या, मध्येच नातीशी गप्पा. पण टोपी चढली आणि गडी बातम्या वाचायला बसल्यागत बोलू लागला. "बाळ, हे पाणी आहे. पाणी प्यावे." चिमी टकाटका बघायची आणि पेला ढकलायची. मग त्यानं बोलणं जवळजवळ सोडलंच. आठवडाभराच्या रेकॉर्डिंगात कावळेच तेवढे मोकळेपणी बोललेले. कॉम्प्युटर शिकणार कशावर?

अक्षदानं कारण विचारलं. हिरामण जुडीकडं बघतच म्हणाला, "माज्या पोराला, महेशला शालेत हसत व्हते, आगरी बोलतो म्हनून. बापाचीच भाषा ती. आता मशीन हसंल, मंग ही पोर."

"मशीनला हसता येत नाही, बाबा. त्याला अजून पाणीसुद्धा ठाऊक नाही. चिमीएवढंच आहे ते." तिनं चिमीची टोपी सरळ केली. "काल तुम्ही 'बाळ' म्हणून हाक मारलीत. चिमी वळली?"

नव्हती वळली. ते हिरामणला कालपासून सलत होतं.

चिमीनं वाटी फेकली आणि भोकाड पसरलं. हिरामणनं एकदा त्या डोळ्याकडं बघितलं, हात धोतराला पुसले.

"अगं ए चिमटे, पानी पायजे क तुना?"

पोर रडता रडता थांबली, वळली आणि दोन्ही हातांनी त्याच्या हातातला पेला ओढून तिनं निम्मं पाणी अंगावर सांडलं. निम्मं प्यायली.

"आनि तू पन आयक रं," हिरामणनं टोपीला दम भरला. "ह्यो माठ. ह्याची मुली झटकायची, मंग बांधायचा. मधी मधी करायचा नाय."

आणि त्यानं पुढची मूठ उचलून मुळीवरची माती झटकली.