थोरला या धाकला

ती घटना आजही आठवते ती एका अक्षरामुळे. ते अक्षर जबाबात मी लिहिलं आणि त्याचा अर्थ कोर्टात मीच सांगितला. जे सांगितलं ते खरं नव्हतं. नोकरीतल्या आठवणी आजवर पुष्कळांना ऐकवल्या. ही टाळत आलो.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी मुंबई इलाख्यातून तिकडे बदलून गेलेला फौजदार. लोक जुन्या सवयीने अमीनसाब म्हणत. ठाणं शहागडच्या बाजूला, गोदाकाठी. दफ्तर नुकतंच उर्दूतून मराठीत आलं होतं, पण माणसं दोन्ही भाषा एकाच घासात बोलत. मला ती मिसळ अशुद्ध वाटे. जबाब घेताना मी ती नीटनेटकी करून लिहीत असे आणि त्याचा मला अभिमान होता.

एका सकाळी गावच्या कोतवालाने वर्दी आणली. तहसील कचेरीत उभा जन्म चपराशी म्हणून काढलेल्या एका म्हाताऱ्याला मळ्यात कोणी काठीने मारलं होतं.

"सामाईक विहीर हाय, साहेब. मोटेच्या पाळीवरून दोन पुतण्यांशी रोजचा झगडा."

"मारलं कोणत्या पुतण्याने?"

"बघितलं कुनी? दोघंच त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले."

जमादाराला घेऊन मी दवाखान्यात गेलो. असा जबाब घ्यायचा तहसीलदारांनी, पण ते दौऱ्यावर होते. डॉक्टर म्हणाले, त्यांची वाट पाहू नका. त्यांनी जखमी शुद्धीवर असल्याचा दाखला दिला आणि मी मरणपूर्व जबाब लिहायला बसलो. दोन्ही पुतणे दारात उभे होते. धाकट्याची बायको म्हाताऱ्याच्या अंगावरची गोधडी सारखी करत होती. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले. एकेका श्वासाला एकेक शब्द येत होता.

"मागून आला... थोरला... या धाकल्यानं... काठी घातली."

मी लिहिलं: 'मागून थोरला आला. या धाकल्याने काठी घातली.' वाचून दाखवलं. त्याने हुंकार दिला की तो कण्हला, सांगता येत नाही. 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं खाली लिहून, गोधडीतला हात मीच बाहेर काढून अंगठा उठवून घेतला. दुपारी तो गेला.

दोघांना ठाण्यात वेगवेगळं बसवलं. धाकटा एकच बोलत राहिला, "मी बांधावर पाणी वळवून राह्यलो व्हतो, साहेब. आरडाओरडा ऐकून आलो." थोरला म्हणे गोठ्यात होता. काठी घरातली, दोघांच्याही वापरातली. तिसऱ्या दिवशी मी थोरल्यापुढे जबाब वाचला. दुसऱ्या वाक्याला त्याची मान वर आली.

"काकानं असं सांगितलं?"

"अंगठा आहे त्याचा."

"मंग बराबर हाय, साहेब. मी मागंच व्हतो. धाकल्यानंच घातली."

याला मी गुन्ह्याचा उलगडा समजलो. खरं तर सुटायची वाट मीच त्याला वाचून दाखवली होती.

चार्जशीटच्या नकला चालू असताना जमादार कागद हातात घेऊन आला. तो तिथलाच, संस्थानच्या वेळेपासून नोकरीत.

"साहेब, बुढ्याचा ह्यो 'या' मराठी न्हाई. कचेरीतला, उर्दूतला हाय. थोरला या धाकला. म्हंजे थोरला न्हाईतर धाकला. मागून मारलं, त्याला दिसलंच न्हाई."

"आता तू मला जबाब लिहायला शिकवणार?"

"शिकवून न्हाई राह्यलो, साहेब. मधला पूर्णविराम काढा म्हणून राह्यलो."

त्याचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं. पण वरिष्ठांचा शाबासकीचा शेरा आला होता. मी कागद त्याच्या हातून घेतला आणि सही केली.

सेशन कोर्टात सारा खटला त्या अक्षरावर येऊन अडला. बचावाचे वकील वयस्कर, उर्दू दफ्तरात मुरलेले. ते म्हणाले, "हुजूर, हा शब्द कोणाला दाखवणारा नाही, दोन नावांमधला 'किंवा' आहे. मरणाऱ्यालाच खात्री नव्हती. शंकेचा फायदा आरोपीला मिळायला हवा." सरकारी वकील म्हणाले, जबाब मराठीत आहे, तर अर्थही मराठीच घ्या, 'या धाकल्याने' म्हणजे या समोरच्या धाकट्याने. न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "हा शब्द बोलताना मयताने कोणाकडे बोट दाखवलं होतं का?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. जमादार दाराशी उभा होता. मी म्हणालो, "होय. धाकट्याकडे."

निकालात त्यांनी लिहिलं की शब्दाबद्दल दोन मतं होऊ शकतात, बोटाबद्दल नाही. जन्मठेप झाली.

व्हरांड्यात धाकट्याची बायको आडवी आली. ओरडली नाही. "अमीनसाब, म्हातारा बोलला तवा त्याचे हात तर गोधडीत व्हते. म्याच गुंडाळले व्हते. बोट कुठून आलं? वकिलाला सांगितलं, तर ते म्हणले, बायकोचं कोण खरं मानंल." मी जीपमध्ये जाऊन बसलो.

पाचव्या वर्षी धाकटा तुरुंगात तापाने वारला. ते कळवणारा कागद माझ्याच ठाण्यावरून गावाला गेला. मळा थोरला कसत राहिला.

काठी कोणी घातली, मला आजही माहीत नाही. धाकट्यानेही घातली असेल. पण ते कोर्टाने शंकेसकट तोलायचं होतं, आणि ती शंका मी पुसून टाकली होती. पुढे नव्या फौजदारांना मी नेहमी सांगत असे, साक्षीदाराची भाषा सुधारू नका, तो जसा बोलला तशी लिहा. असं का सांगतो ते मात्र कधी सांगितलं नाही.

तो जबाब दुरुस्त करायला आता कोणतंही कोर्ट उरलेलं नाही. म्हणून म्हातारा बोलला ते इथे त्याच्याच शब्दांत लिहितो: मागून आला थोरला या धाकल्यानं काठी घातली. त्यात पूर्णविराम नव्हता. आणि बोलताना त्याचा हात गोधडीबाहेर आला नव्हता.