कानबाईचे रोट आणि दोन सोनवणे

मी सोनवणे आणि निखिलही सोनवणे. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात यावर विनोद करून लोक दमले. लग्नानंतर आधार कार्ड बदलायला नको, हा त्यातला सगळ्यात शिळा. आम्हीही हसायचो. मग एका रविवारी मी घरी सांगून टाकलं, आणि पप्पा हसले नाहीत.

ते नाही म्हणाले नाहीत, हे आधी सांगते. माझे पप्पा ओरडणारे नाहीत, ते गप्प होणारे आहेत आणि ते जास्त त्रासदायक असतं. दोन दिवसांनी चहा पिताना म्हणाले की मुलगा चांगला आहे, पण आपलं कूळ एकच निघालं तर तुम्ही भाऊबहीण ठरता. पप्पांच्या आजोबांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं की आपल्यातला एक भाऊ फार पूर्वी जळगावकडे निघून गेला. निखिलचं घर जळगावात, पिंप्राळ्याला. आणि त्याच्या घरी सांगतात की त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून आले. आता धुळे जळगावच्या पश्चिमेलाच आहे, त्याला मी काय करणार?

मी तिशी ओलांडलेली, स्वतःचं घरभाडं भरणारी बाई आहे. कुळाबिळापुढे मी मान तुकवणार नाही, असं मी मैत्रिणींना ठणकावून सांगितलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पप्पा लग्नाला आले असते, अक्षताही टाकल्या असत्या, पण मनात काटा ठेवून. तो काटा मला नको होता.

पप्पांनी गावी फोन लावला. शिंदखेड्याहून थोडं आत आमचं मूळ गाव आहे, आणि तिथे पप्पांचे चुलतभाऊ आबा अजून आमच्या भाऊबंदांची कानबाई बसवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कानबाई ही खानदेशातली घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती चौरंगावर बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की असल्या गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत, रोटाला या. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, आणि मी जन्मल्यापासून आम्ही त्याला गेलो नव्हतो. शनिवारी पहाटे गाडी काढली.

पुणे-नाशिक रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, ज्याने चालवलाय त्याला माहीत आहे. नाशिकनंतर मात्र आग्रा रोड मोकळा आणि सुखाचा आहे. मालेगाव ओलांडलं की ढाब्यांवर शेवभाजी मिळायला लागते. लालभडक तर्री, वर जाड शेव. पहिल्यांदा खाणाऱ्याने 'कमी तिखट' सांगावं, तरी ती तिखटच येते. दोघांचं जेवण तीनशेच्या आत झालं. पप्पा एरवी पित्ताच्या गोळ्या खिशात घेऊन फिरतात, त्यांनी तर्री दुसऱ्यांदा मागितली.

धुळे जवळ आलं तसा मी पाट्या वाचण्याचा खेळ सुरू केला. टायरवाला सोनवणे, दातांचा डॉक्टर सोनवणे, वकील सोनवणे, कुठल्याशा निवडणुकीच्या फ्लेक्सवर हात जोडलेले सोनवणे. पुण्यात मला हे आडनाव माझं वाटायचं, इथे ते सगळ्यांचं होतं. मराठ्यांत सोनवणे आहेत, माळ्यांत आहेत, कोळ्यांत, भिल्लांत, बौद्धांत आहेत. मूळ विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. आम्ही धुळ्यात उतरलो त्या लॉजचा मॅनेजर म्हणाला की सोनवणे म्हणजे जुने राजे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या मते ते एका गावाच्या नावावरून पडलं, पण त्या गावाचं नाव त्याला आठवेना. दोघांनीही मला आधी एकच प्रश्न विचारला, "कोणते सोनवणे?"

हाच प्रश्न मी संध्याकाळी वैशालीला हसत हसत सांगितला. वैशाली माझी हॉस्टेलमधली मैत्रीण, धुळ्यातल्या एका कॉलेजात शिकवते. तीही सोनवणे. हॉस्टेलात आमची कुरिअर एकमेकींकडे जायची. तिचं घर बौद्ध. तिने भरली वांगी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी केली होती, आणि मी कुळाची कथा रंगवून सांगत होते. ती ऐकत होती, मग भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तुला कोणते विचारतात तेव्हा तू कूळ सांगतेस. मला विचारतात तेव्हा त्यांना कूळ नको असतं."

इतकी वर्षं एक आडनाव लावून आम्ही शेजारी झोपलो आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. वैशालीने मात्र विषय ताणला नाही. तिचे वडील म्हणायचे की नाव कुठून आलं याचा शोध ज्यांना सवड आहे त्यांनी घ्यावा, आपण या मातीत सगळ्यांइतकेच जुने आहोत. निघताना ती म्हणाली की काहीही निघालं तरी लग्नाला बोलव, आणि नाही बोलावलंस तरी येईन.

रविवारी सकाळी सोनगीर, नरडाणा करत शिंदखेड्याकडे निघालो. रस्ता चांगला आहे, शेवटचा गावाकडचा तुकडा सोडून. तिथे खड्ड्यांत पाणी होतं आणि पप्पा दर खड्ड्याला माझ्या ड्रायव्हिंगवर बोलत होते. दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनच बाजरी. गावात शिरताच बायांची गाणी ऐकू आली. आबांच्या ओटीवर केळीचे खांब, फुलांच्या माळा आणि चौरंगावर नथ घातलेली, नारळाची कानबाई. पप्पा चपला काढून तसेच उंबऱ्यात उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि मी मुद्दाम फोनमध्ये बघत राहिले.

रोटाची रीत अशी. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्याचे जाड रोट करायचे. सोबत खीर, कढी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे रोट भाऊबंदांच्या बाहेर जात नाहीत. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला दुसरं काहीही वाढतील, रोट नाही. आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. तुम्ही कुणाकडे कानबाईला गेलात तर रोट मागू नका, त्यांना नाही म्हणायला फार जड जातं.

जेवणाआधी पप्पांनी विषय काढला. आबांनी पहिला प्रश्न केला, मुलाचं देवक काय. देवक म्हणजे लग्नात पुजायची कुळाची खूण. मी निखिलला फोन केला, त्याने आईला विचारून सांगितलं की पंचपल्लव, पाच झाडांच्या डहाळ्या. आबा म्हणाले, आपलंही तेच.

पप्पा खाली बघायला लागले. मी मनातल्या मनात लग्नाचा हॉल, आत्याचा 'तरी मी सांगत होते' असा चेहरा आणि पप्पांचा काटा असं सगळं एका दमात बघून घेतलं. आबा मात्र आरामात सुपारी कातरत होते.

"देवक तर आर्धा तालुकानं तेच शे," ते म्हणाले. "आडनावबी तेच शे. रोट कोना खातस ते इचार."

म्हणजे रोट कोणाचा खातात, त्यावरून कूळ ठरतं. मग त्यांनी सांगितलं की जळगावकडे गेलेला भाऊ खराच होता. एकच गेला. त्याच्या नावाची मूठ आमच्याकडे कधी चुकली नाही आणि त्याचे वंशज दर वर्षी रोटाला येतात. आत्ताही येतीलच. त्यांच्याशिवाय तिकडे आपलं कोणी नाही. मी विचारलं की ते पिंप्राळ्याचे का. आबा काही बोलणार इतक्यात दारात एक मोटरसायकल थांबली आणि मागे बांधलेला केळीचा घड सोडवत एक तरुण आत आला.

मी त्याला ओळखलं. हा जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचा हर्षल पाटील. गेल्या वर्षी नाशिकच्या आत्याने माझ्यासाठी आणलेलं स्थळ. केळीची बाग, इंजिनिअर, निर्व्यसनी. आत्या महिनाभर माझ्या मागे लागली होती, आणि तिचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच की आडनाव वेगळं आहे, कुळाची काही कटकट नाही. फोटो पाहून पप्पांनाही तो पसंत होता. मीच नको म्हटलं होतं.

हर्षल देवीच्या पाया पडला आणि पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसला. आबांनी आधी त्याच्या, मग माझ्या पानात रोट ठेवला.

"हाऊ तुना भाऊ शे, बेटा," आबा मला म्हणाले. "तिकडे पाटीलकी भेटनी म्हनीसन पाटील लावतस. कूळ आपलंच."

पप्पांच्या हातातली कढीची वाटी तशीच राहिली. एका सोनवण्याला घाबरून आम्ही इतक्या लांब आलो होतो, आणि ज्याला गेल्या वर्षी पप्पा आनंदाने हो म्हणणार होते तो सख्ख्या कुळातला निघाला. हर्षलनेही मला ओळखलं होतं. हळूच म्हणाला की तेव्हा मध्यस्थाने फक्त फोटो आणि शिक्षण पाठवलं होतं, आडनाव कळताच त्याच्या आईने पत्रिका जुळत नाही असं कळवून टाकलं. म्हणजे नकार मी दिलाच नव्हता, तो त्यांच्याकडून आधीच आला होता. आत्याने माझं मन राखायला तो गिळून टाकला असणार. वर्षभर मी मिरवलेला तोरा त्या पंगतीत उतरला, आणि मला इतकं हसू आलं की खीर नाकात गेली. मला भाऊ नव्हता. आता होता, तोही केळीच्या बागेसकट.

निघताना आबांच्या सुनेने रोटांचा डबा बांधून दिला. डबा हातात देताना आबा पप्पांना म्हणाले की पोरीला पोटभर खाऊ घाल, आमच्यात लेक लग्न होऊन गेली की तिला हा रोट नाही, ती सासरचा खाते. मी तेव्हा डिकी लावत होते, ऐकलं आणि पुढे गेले.

सोमवारी धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव. हा हायवे आता झकास आहे, दोन-अडीच तास पुरतात. भरिताच्या आशेने जाणार असाल तर हिवाळ्यात जा, श्रावणात ती वांगी नसतात. केळीचे वेफर्स मात्र बारा महिने. पिंप्राळ्यातली निखिलची कॉलनी साधी, दारोदार स्कूटर, आणि नुकतंच विसर्जन झाल्याने रस्त्यावर गुलाल. पप्पांनी गाडीतच कंगवा फिरवला. आबांच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, पण समोरच्या घरातून ऐकल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नव्हतं.

निखिलच्या आईंना घरात सगळे अक्का म्हणतात. बारीक बांधा, मोठा आवाज. निखिल स्वतः पाणी देऊन कोपऱ्यात उभा राहिला, मुलाखतीला आल्यासारखा. पानं मांडली गेली आणि त्याच्या वहिनीने रीतीप्रमाणे पहिल्यांदा रोटांची परात आणली. सवयीने एक रोट पप्पांच्या पानात पडलाही. अक्कांनी हात आडवा केला.

"थांब. आधी मला त्यांना विचारू दे."

आणि त्यांनी विचारलं. गाव कोणतं, कानबाई कोणाकडे, रोटाला कोण कोण येतं. पप्पांनी आबांचं नाव सांगितलं, फैजपूरच्या पाटलांचं सांगितलं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी आपल्या पिढ्या सांगितल्या. ते साक्रीकडचे, त्यांचे भाऊबंद अजून तिकडेच, दर वर्षी जीपने येतात आणि काल येऊन गेले. त्यात आमच्या गावाचं कोणी कधी नव्हतं. त्या उठल्या, पप्पांच्या पानातला रोट उचलला, पुन्हा परातीत ठेवला आणि सुनेला म्हणाल्या, "यांना पुरणपोळी वाढ. हा रोट यांचा नाही."

भरल्या पानातून घास उचलून नेल्यावर इतका सुखावलेला माणूस मी पाहिला नाही. पप्पांनी मोठा श्वास सोडला, आणि मग खापरावरच्या तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, पित्त गेलं उडत. निखिल कोपऱ्यातून हलला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मी परातीकडे बघत होते हे अक्कांनी पाहिलं असावं.

"तू पुढच्या वर्षी," त्या मला म्हणाल्या.

परतीचा प्रवास झोपेत आणि जुन्या गाण्यांत गेला. लग्न हिवाळ्यात आहे. हर्षल केळी पाठवणार आहे आणि करवल्याच्या मानावर आत्तापासून हक्क सांगतोय. वैशालीची तिकिटं काढून झाली. माझ्या आडनावात एक अक्षर बदलणार नाही. पण लोक आता 'कोणते सोनवणे' विचारतात तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही. कोण विचारतंय आणि कशाला, ते आधी बघते.

आबांचा डबा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपत आला. शेवटचा एकच रोट उरला होता, चांगलाच कडक झालेला. मी पप्पांना म्हटलं, तुम्ही खा. त्यांनी दूध गरम केलं, रोट मोडला आणि मोठा तुकडा माझ्या वाटीत टाकला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पुढच्या वर्षी हा मला तुला देता येणार नाही."

मी तो सगळा खाल्ला.