कडेचा पाव इंच

फ्रेमवाल्याने तीस वर्षांत हजारो चित्रांना चौकटी केल्या, पण चित्र म्हणून एकही पाहिलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि वर हसायचा. चित्र हातात आलं की तो आधी उलटं ठेवायचा, डोकं खाली, पाय वर. सरळ चित्रात डोळा अडकतो आणि माप चुकतं, हा त्याचा कायदा. गिऱ्हाईक गहिवरून चित्राबद्दल बोलू लागलं की हा मध्येच विचारणार, “काच कुठली लावू?” बायको म्हणायची, यांच्या छातीतसुद्धा टेपच आहे.

लेक चित्रं काढू लागली तेव्हा खरी पंचाईत झाली. ती आशेने विचारायची, “बाबा, कसं वाटलं?” आणि हा कागद कुठे तिरका कापलाय ते दाखवायचा. पोरगी हिरमुसायची. त्यालाही वाईट वाटायचं, पण बोलायचं काय हेच सुचायचं नाही. पहिल्या प्रदर्शनाचं चित्र दुकानात ठेवताना ती म्हणाली, “या वेळी माप नका सांगू. आणि मीही आता पुन्हा विचारणार नाही.”

ती गेली. त्याने सवयीने चित्र उलटं केलं आणि माउंट कापायला घेतला. चित्राभोवतीची ही पुठ्ठ्याची पट्टी चारी बाजूंनी पाव इंच चित्र झाकते. खूण करताना त्याचा हात थबकला. चित्रात त्यांच्याच घरातलं जुनं टेबल होतं, एक पाय तोकडा असलेलं. सगळ्या गावाच्या चौकटी काटकोनात आणणाऱ्या या माणसाने तो पाय कधी दुरुस्त केला नव्हता. पण चित्रातलं टेबल तर सरळ! त्याने मोजपट्टी लावून पाहिलं. तोकडा पाय जमिनीपासून वर तरंगत होता आणि टेबल केसभरही कललं नव्हतं. चुकली पोरगी, तो पुटपुटला. असं होईलच कसं? कोणीतरी कोपरा उचलून धरल्याशिवाय?

त्याने चित्र सरळ केलं. अगदी कडेला, माउंटखाली जाणार होता त्या पाव इंचात, कोपऱ्यावर एक अंगठा होता. हातोडीने काळं पडलेलं नख. छोटी पोरगी रंगवत बसायची तेव्हा टेबल डगमगू नये म्हणून तो तासन् तास कोपरा असाच उचलून धरून बसायचा. हे तो साफ विसरला होता.

संध्याकाळी लेक आली. चित्राच्या चारी कडा मोकळ्या होत्या.

“माउंट नाही लावलात?”

“अंगठा झाकला जात होता.”

ती चित्राच्या मोकळ्या कडेवरून बोट फिरवू लागली. शेवटी तोच म्हणाला, “विचार ना, कसं वाटलं ते.”

“कसं वाटलं, बाबा?”

“आधी वाटलं, तू चुकलीस. म्हणून मोजलं. मग कळलं टेबल कोणी धरलंय,” तो म्हणाला, “आणि मग मला पट्टीवरचे आकडेच दिसेनात.”