तलवारीनं हसलेला राजा

हे बायकोलाही ठाऊक नाही. सानगडीत लोक मला अजून ‘इंग्रजीचे सर’ म्हणतात आणि मी मान डोलावतो — दुसरं काय करणार?

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. नववीला एका राजाची कविता होती. मी गाईड वाचून शिकवायचो. एका ओळीत ‘स्मोट’ असा शब्द आला आणि गाईडमध्ये तो नव्हता. मला येत नाही — एवढं म्हणायला काय जात होतं? मी सांगितलं, स्मोट म्हणजे हसला.

पहिल्या बाकावरची मंदा उभी राहिली. इंग्रजीसाठी जीव टाकणारी पोरगी. “सर, मंग राजा तलवारीनं कसा हासला?”

वर्ग खो-खो हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या शाळेत ज्याला मार बसायचा त्यानंच तलावाच्या पाळीवरून बेशरमाच्या झुडपाची ओली काडी तोडून आणायची, अशी रीत होती. तिनं आणली — चांगली जाड आणली, बिचारीनं. मी हातांवर, पोटऱ्यांवर, पाठीवर हाणत सुटलो. काडी मोडली तेव्हा कानाखाली वाजवली. डाव्या कानातून रक्त आलं. थांबलो का? नाही, आणखी एक ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील धानाची रोवणी सोडून, चिखलाच्या पायांनी शाळेत आले, जाब विचारायला. मी घाबरलो. मुख्याध्यापकांसमोर म्हणालो, पोरीनं मला आईवरून शिवी दिली.

मंदा वडिलांच्या शेजारीच उभी होती.

“सर, हाडं आमची, चामडी तुमची,” असं म्हणून वडिलांनी तिचे केस धरले आणि तिथंच तिला लाथांनी तुडवलं. मी हात बांधून उभा होतो. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी शब्दकोश उघडला. स्मोट म्हणजे जोरानं मारलं, ठार केलं. बोलण्यात कुणी वापरत नाही; जुन्या कवितांत, धर्मग्रंथांत येतो. तिथे देव मारतो, राजे मारतात. दुःखानं, प्रेमानं घायाळ झालेल्यालाही हेच क्रियापद लावतात. हे सगळं मी वर्गाला फळ्यावर वाक्यं लिहून झकास समजावलं. मंदाची जागा रिकामी होती.

ती परत शाळेत आली नाही. आता बाजारात भाजी विकते. डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाकडे उजवी बाजू करून बसते.

परवा मी तिच्या डावीकडे उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, मंदा, तू शिवी दिली नव्हतीस. तिला ऐकू गेलं नाही. म्हणूनच त्या बाजूला उभा राहिलो होतो.