डाव्या हाताच्या जागी आलेला डबा

माझी मावशी एका जागी बसलेली मी फक्त कीबोर्डपुढे पाहिली आहे. एरवी तिच्या पायाला भिंगरी. चहा ती खिडकीपाशी सुरू करते आणि जिन्यात संपवते. पेपर उभ्याने वाचते. पाहुण्यांना बसवून स्वतः बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात येरझारा घालत गप्पा मारते, त्यामुळे निम्म्या गप्पा त्यांना ऐकूच येत नाहीत. माझी आई म्हणते, ही लहानपणी झोपेतही चालायची. आई तिची थोरली बहीण असल्याने हे अर्धंच खरं धरावं.

पण टायरच्या दुकानावरच्या नाचाच्या वर्गात मावशी कीबोर्डपुढे ठाण मांडून बसायची. उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने ठेका, आणि डोळे समोरच्या आरशात, मुलींच्या पावलांवर. उडी मारलेली मुलगी जमिनीवर कधी टेकणार हे तिला त्या मुलीच्याही आधी कळायचं. मग ठेका किंचित रेंगाळायचा आणि मुलगी बरोबर त्याच्यावर उतरायची. मुलींना याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटायचं, आपण फार सुरेख उड्या मारतो.

मग तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय लवकर सुधारला, त्याला घरी बसणं जमणारच नव्हतं. हात मात्र मागे राहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट चिमटीपुरतं हलायचं, बाकीची तीन मिटलेली. "होईल बरा," ती सगळ्यांना सांगायची. दूधवाल्यालाही सांगायची, त्याने विचारलेलं नसताना. नाचाच्या मॅडमनी तिची जागा राखून ठेवली होती, पण नुसत्या उजव्या हातावर वर्ग चालत नाही, म्हणून त्या 'सध्यापुरतं' स्पीकरवर रेकॉर्डिंग लावत होत्या. त्या 'सध्यापुरतं'ने मावशीच्या जिवाला घोर लावला होता. वर्ग गेला तर आपण कोण उरलो, असं तिने मला एकदा सरळ विचारलं.

वाद्यांच्या दुकानातल्या दाढीवाल्याने तिला सीक्वेन्सर दाखवला. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, वर सोळा बटणांची रांग. एकेका बटणावर एकेक सूर ठेवायचा. यंत्र त्या रांगेवरून फिरत राहतं आणि वायरीतून कीबोर्डला सांगतं, आता हा वाजव, आता तो. स्वतः मात्र एकही सूर वाजवत नाही.

"म्हणजे सासू," मावशी म्हणाली आणि ते घेऊन घरी आली. डाव्या हाताचं काम ते करणार होतं. "हात बरा होईपर्यंतच हं," असंही तिने मला बजावलं.

शिकवायला मी. दातांच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर पेशंटची नावं घालते, तेवढ्यावरून मला यंत्रांतलं सगळं कळतं असा घरच्यांचा समज आहे. पहिल्या दिवशी काही वाजलंच नाही. मावशीने वायरीचं एक टोक यंत्राच्या 'आऊट'मध्ये घातलं होतं आणि दुसरं कीबोर्डच्याही 'आऊट'मध्येच. दोघंही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. मी म्हटलं, आपल्या घराचं वळण बरोबर उचललंय यांनी. वायर नीट लावली, तर खर्जाच्या सुरांऐवजी ढोल, टाळ्या आणि मध्येच एक शिट्टी. यंत्र दहाव्या चॅनलवर बोलत होतं आणि त्या चॅनलवर जे येईल ते कीबोर्डला तालवाद्यच वाटत होतं. माहितीपुस्तकात ते पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं होतं. मावशीने पुस्तक मधूनच उघडलं होतं. पहिल्या पानापासून वाचायला तिला धीर कुठला?

पुढे उड्यांचा ठेका आला. तो तीन मात्रांचा. तिने सूर तीन-तीनच्या गटाने भरत नेले, तर शेवटी एक बटण उरलं. रिकामं कशाला ठेवायचं म्हणून तिने त्यातही एक सूर कोंबला. ऐकताना दर फेरीला जिन्याची एक पायरी जास्त निघाल्यासारखं व्हायचं.

"अगं, तीन-तीनचे चार गट पुरेत, लांबी बारावर आण. उरलेली चार सोडून दे."

"सोडून दे काय? दिलीयेत ना त्यांनी!"

हे पटवण्यात सबंध संध्याकाळ गेली. तेवढ्यात ती दोनदा गच्चीवर जाऊन आली, एकदा माझ्याशी बोलणं टाकलं आणि एकदा यंत्राशी.

अखेर ठेका बसला. मावशी डबा पिशवीत घालून वर्गात गेली, मी वायरी सांभाळायला. सुरुवातीची पावलं झकास झाली. मग उड्या आल्या. मुली दमलेल्या, दोघी-तिघी उशिरा उतरल्या. मावशीचा उजवा हात सवयीने त्यांच्यासाठी थांबला. यंत्र थांबलं नाही. चाल एकीकडे, ठेका दुसरीकडे, आणि मधल्या मध्ये मुली एकमेकींवर आदळल्या. कुणीतरी खुदकन हसलं.

मॅडम फार गोड बोलल्या. "ताई, आता रेकॉर्डिंगच राहू दे. तुम्ही येत जा ना, नुसत्या बसा."

नुसत्या बसा! मावशीला! मला त्या बाईंचा इतका राग आला की मी वायरी गुंडाळल्या नाहीत, पिशवीत बदाबदा टाकल्या.

रविवारी दुपारी मावशीने रिक्षातून आपला कीबोर्ड आणून माझ्या घरी यंत्र मांडलं. वेग कमी करून पाहिला, वाढवून पाहिला, मधला ठेवून पाहिला. दर वेळी उठायची, खोलीला फेरी मारायची, पुन्हा बसायची. शेवटी मला म्हणाली, "ऊठ. उडी मार."

"मी?"

"मग काय कपाट मारणार आहे?"

माझं वजन मी इथे सांगणार नाही. मी उड्या मारल्या. खालच्या बिऱ्हाडातून छताला काठी ठोकल्याचा आवाज आला. मी आणखी मारल्या, कारण मावशीच्या तोंडाकडे बघून थांबायची छाती होईना. अर्थातच मी उशिरा उतरत होते. तिचा उजवा हात माझ्यासाठी थांबे आणि यंत्र आपलं पुढे.

"थांब की मेल्या!" ती ओरडली आणि डाव्या हाताने यंत्राचा गळाच धरला. त्याला गळा नव्हता. चिमटीत आलं ते वेगाचं गोल बटण. ते जरासं मागे फिरलं, ठेका रेंगाळला आणि मी धप्पकन त्याच्यावर बरोबर उतरले.

मावशी आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

"परत मार," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

त्या आठवड्यात माझे गुडघे कामातून गेले. तिची चिमूट मात्र पक्की झाली. मी हवेत असताना बटण केसभर मागे, मी टेकले की परत जागेवर. तेवढं करायला दोन बोटं पुरत होती.

पुढच्या वर्गाला आम्ही न बोलावता गेलो. स्पीकर चालू होता आणि मुली जमेल तशा उतरत होत्या. "एकदाच वाजवते, मग जाते," मावशी मॅडमना म्हणाली. मॅडमना नाही म्हणवेना. त्यांनी स्पीकर बंद केला.

मावशीने आरशात नजर लावली. पहिली मुलगी उडाली, उतरली. दुसरी उडाली, जरा जास्तच वेळ वर राहिली, आणि ठेका तिच्यासाठी थांबला. तिसरी तर घाबरटच होती, तीही नेमकी उतरली आणि स्वतःवरच खूश होऊन हसली.

मॅडम लगबगीने आल्या. लांबून त्यांना मावशीचे दोन्ही हात हलताना दिसले होते. "ताई! अहो, हात बरा झाला की तुमचा!"

मला वाटलं, आता ही नेहमीसारखं म्हणणार, होतोय, होतोय.

"नाही," मावशी म्हणाली. "हा आता एवढाच. बरा नाही व्हायचा."

हे ती आमच्यापैकी कुणाजवळ बोलली नव्हती. स्वतःशी तरी बोलली होती की नाही, कोण जाणे. मॅडम उगाच ओढणी सारखी करत उभ्या राहिल्या.

"दुसरा गट घ्या ना," मावशी म्हणाली. "मुली खोळंबल्यात."

मला रडू आवरेना, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. मावशीला रडायला सवड नव्हती. तिचे दोन्ही हात कामात होते.