प्रयागमावशीच्या मेसला संदर्भ हवा

आमच्या कुटुंबातल्या सात जणांना एका ऑनलाइन विश्वकोशात लिहायला कायमची बंदी आहे. या सातांत माझी आईही आहे. तिचं वय पंच्याहत्तर, शिक्षण दुसरी, आणि तिने आजवर कॉम्प्युटरला हात लावला तो फक्त धूळ पुसायला.

मी स्वतः लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. (हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे लपवावंसं वाटेल.) सव्वीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट सांगत आलोय: संदर्भ दिल्याशिवाय एक ओळसुद्धा लिहू नका! पोरं ऐकत नाहीत. पण मी सांगायचं सोडलं नाही.

सुरुवात झाली आईच्या गुडघ्यापासून. गुडघा दाखवायला तिला डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टर खुर्चीतून उठून तिच्या पाया पडले. म्हणाले, "मावशी, ओळखलं का? दोन वर्षं तुमच्या मेसला जेवलो मी. खरं सांगतो, लातूरच्या इतिहासात तुमचं नाव पाहिजे!"

घरी येईपर्यंत आई गुडघ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. पायरी चढता चढता मात्र थांबली.

"दिनू, इतिहासात नाव कुठं घालत्यात रं?"

मी हसलो. मग मोबाइल काढून विश्वकोशातलं लातूरचं पान उघडलं आणि शिक्षणाचा भाग तिला मोठ्याने वाचून दाखवला. कॉलेजं आली, क्लासेस आले, लातूर पॅटर्न आला, बाहेरगावांहून शिकायला येणारी पोरं आली.

"आन् ही एवढी पोरं जेवली कुठं, ते न्हाई का लिव्हलं?"

"नाही गं."

"मंग काय उपाशीच डाक्टर झाली का सारी?"

आमच्या पुढच्या खोलीत तिने तीस वर्षं मेस चालवली. एका वेळी चाळीस ताटं, दोन पंगती. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, आणि रविवारी येसराची आमटी. पेपरच्या दिवशी सकाळी दारात दही-साखरेचं भांडं घेऊन उभी राहायची, आणि चाळीस तळहातांवर एकेक चमचा ठेवायची. एखादं पोरगं दोन वेळा जेवायला आलं नाही, की डबा भरून त्याच्या खोलीवर जायची आणि आधी शिव्या द्यायची, मग वाढायची. त्या पोरांत माझ्याही वाट्याला आई चाळिसावा हिस्साच आली, आणि तरी मी सांगतो, मला तिचा अभिमान वाटत आला आहे. तेव्हा मी ठरवलं: लातूरच्या पानावर आईसाठी एक ओळ. फक्त एक!

त्याच संध्याकाळी मी ‘दिनकर ग्रंथपाल’ या नावाने खातं उघडलं आणि लिहिलं, "लातूर पॅटर्नच्या देदीप्यमान यशात प्रयागमावशींच्या भाकरीचा सिंहाचा वाटा आहे."

बाराव्या मिनिटाला ओळ गायब! ‘कोराकागद’ नावाच्या कुणा संपादकाने ती काढली होती आणि कारण दिलं होतं, "संदर्भ नाही. मजकूर जाहिरातवजा."

अशा प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं. लग्नात मांडवामागे आचाऱ्यांची भांडणं चालतात आणि पंगतीला पत्ता नसतो, तसं. मी तिथे गेलो आणि ठणकावून लिहिलं, "संदर्भ: मी स्वतः तिथे जेवलो आहे."

"स्वतःचा अनुभव हा संदर्भ होत नाही," असं उत्तर आलं. "कृपया जवळच्या ग्रंथालयाची मदत घ्यावी."

बायकोने हे खांद्यावरून वाचलं. ती नांदेडची. लातूरची फजिती झाली की तिचा चेहरा उजळतो.

"आमच्या नांदेडचं पान बघा एकदा. कसं भरल्यावानी दिसतंय."

मी चिडून सगळा प्रकार घरच्या ग्रुपवर टाकला, आणि इथेच पाय घसरला. कारण त्या ग्रुपवर दाजी आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम नायगाव. जगातलं कुठलंही काम कुणाच्या तरी ओळखीने होतं, हा त्यांचा सिद्धान्त आहे. तासाभरात त्यांचा फोन आला.

"दिनकरराव, काय करून राहिलात? सव्वीस वर्षं पुस्तकात राहून एक संदर्भ घावंना तुम्हाला?"

"दाजी, छापील पुरावा लागतो. कुणीतरी आईबद्दल छापलेलं पाहिजे."

"छापलेलंच पायजे ना? मंग छापू की! त्यात काय!"

मला वाटलं, एखाद्या वर्तमानपत्राशी बोलतील. चौथ्या दिवशी सकाळी चौकात गेलो, तर पंधरा फूट उंचीची आई माझ्याकडे बघून हसत होती.

फ्लेक्स! वर मोठ्या अक्षरांत ‘लातूर पॅटर्नची अन्नपूर्णा’, खाली ‘प्रयागमावशी मेसवाल्या यांना अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा’. (आईचा वाढदिवस कुणालाच माहीत नाही. पोळ्याच्या आगेमागे जन्मली, एवढीच नोंद.) त्याखाली चौदा शुभेच्छुकांची मुंडकी. मधोमध दाजी, काळा गॉगल, कानाला फोन, आईपेक्षा दोनच बोटं लहान. उजव्या कोपऱ्यात हात जोडलेला मी. तो फोटो माझ्या सत्काराचा होता; समोरचा पाहुणा कापून टाकल्यामुळे मी रहदारीलाच नमस्कार करत होतो.

"आता दाखवा त्या कोऱ्या कागदाला!" दाजी फोनवर म्हणाले. "पंधरा फुटी संदर्भ हाय!"

मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगू? चौकातल्या रिक्षावाल्यांनी मान वर करून आईचं नाव वाचलं, तेव्हा ऊर भरून आला. मी मोबाइल काढला, झकास फोटो घेतला आणि विश्वकोशावर चढवला. चढवताना त्यांनी विचारलं, ‘हे छायाचित्र कुणीही कशासाठीही वापरू शकतो, हे मान्य आहे का?’ मी म्हटलं, मान्य म्हणजे काय, जरूर वापरा! लगेच टिचकी मारली, आणि माझी ओळ पुन्हा लिहून खाली संदर्भ जोडला, ‘पाहा: मुख्य चौक.’

या वेळी सात मिनिटं लागली.

"फलक हा संदर्भ होत नाही," कोराकागदने लिहिलं. "शिवाय तो आपणच लावलेला दिसतो. शुभेच्छुकांत खाली उजवीकडे ‘दिनकर, ग्रंथपाल’ असं स्पष्ट वाचता येतं."

दुपारी महापालिकेच्या लोकांनी फ्लेक्स उतरवला, कारण दाजींनी परवानगी नावाची वस्तू घेतलीच नव्हती. चाकूरचे काका तो मागून घेऊन गेले. सोयाबीनच्या गंजीवर झाकायला असं कापड मिळत नाही म्हणाले.

मी नाद सोडणार होतो. पण दाजी पेटले.

"एकटा माणूस बोलला की खोटं, आन् दहा बोलले की खरं. लोकशाही हाय का न्हाई? रविवारी समदे येतो!"

रविवारी खरंच सगळे आले. ताई आणि दाजी नायगावहून, काका चाकूरहून, आणि चुलतभाऊ माधव थेट इस्लापूरहून. आईने गुडघा विसरून येसराची आमटी केली. जेवणं झाली आणि त्याच पुढच्या खोलीत, जिथे कधीकाळी पंगती बसायच्या, तिथे मांडी घालून प्रत्येकाने मोबाइलवर खातं उघडलं. सगळे आमच्या घरच्या एकाच इंटरनेटवर! (त्याचा अर्थ काय होतो, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.) आईचं खातं ताईने उघडून दिलं.

ठरलं होतं की सगळ्यांनी फक्त मेसची ओळ उचलून धरायची. पण हातात लातूरचं अख्खं पान आल्यावर कोण गप्प बसतो? काकांनी लिहिलं, मेसची ज्वारी चाकूरच्या त्यांच्या शेतातली असल्याने मूळ श्रेय चाकूरला जातं. माधवने लातूरच्या प्रेक्षणीय स्थळांत त्याच्या इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा घातला.

"अरे, तो लातुरात कुठंय?" मी ओरडलो.

"काकू एकदा बघून गेली व्हती ना! लई आवडला व्हता तिला."

दाजींनी शहराच्या मान्यवर व्यक्तींत स्वतःचं नाव घातलं, ‘लातूरचे जावई’ म्हणून. ताईने लगेच पुढे जोडलं, ‘सासरी पाच मिनिटं बसत नाहीत.’ आणि माझी बायको कोपऱ्यात फार शांत बसलीय म्हणून बघितलं, तर पाणीपुरवठ्याच्या भागात तिने एक छोटीशी ओळ लिहिली होती, ‘पाण्याच्या बाबतीत मात्र नांदेड सरस.’

एवढ्या गोंधळात चर्चापानावर एक नवाच माणूस उगवला. ना ओळखीचा, ना पाळखीचा. त्याने लिहिलं होतं, "प्रयागमावशींची मेस खरोखर होती. आमची अख्खी बॅच तिथे जेवली. आमच्या कॉलेजच्या स्मरणिकेत तिच्यावर एक पान आहे, शोधून देतो. चटणी अप्रतिम. वरण जरा पातळ असायचं."

मी टुणकन उडालो. छापील पान! नात्याबाहेरचा साक्षीदार! हाच तो संदर्भ! मी हर्षाने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं, पण सव्वीस वर्षांची सवय, उतारा पूर्ण वाचला.

आईने पदर खोचला.

"पातळ? माझं वरण पातळ? कोण हाय त्यो मेला?"

"आई, तो आपल्या बाजूने बोलतोय!"

"वरण पातळ म्हननारा आपल्या बाजूचा कसा? ताई, लिव्ह गं! म्हनावं, तीन तीन येळा मागून पेत व्हता, तवा न्हाई का दिसलं पातळ?"

ताईने आईच्या खात्यावरून ते जसंच्या तसं लिहिलं. दाजींनी खाली ‘सहमत’ लिहिलं. काकांनी ‘जाहीर निषेध’ लिहिला. माधवने त्या माणसाला गाव विचारलं. तो बिचारा एवढंच म्हणाला, "माफ करा, माझी चूक झाली," आणि आपली साक्ष पुसून, स्मरणिकेसकट, कायमचा निघून गेला.

पंधरा मिनिटांनी कोराकागदचा निकाल आला. एकाच ठिकाणाहून एकाच विषयावर लिहिणारी ही सातही खाती एकाच व्यक्तीने उभी केलेली बुजगावणी असल्याचं दिसत असून, सर्वांवर कायमची बंदी घालण्यात येत आहे. एकच व्यक्ती म्हणजे अर्थात ‘दिनकर ग्रंथपाल’!

"मी बुजगावनं व्हय रं?" आईने विचारलं.

पाहुणे गेले. मी आईजवळ बसलो आणि सांगून टाकलं, "आई, नाही जमलं. एक ओळ होती, तीही माझ्या हातून गेली."

ती माझ्याकडे न बघता ताटं आवरत राहिली. "असू दे. डाक्टर म्हनला, तेवढं बास हाय," ती म्हणाली. पण ताटं तिने दोनदा पुसली. शेकडो पोरांनी जिच्या हातचं खाल्लं, तिच्यासाठी सख्ख्या पोराला एक ओळ लिहिता आली नव्हती.

पुढे दोन-तीन महिने मी ते पान उघडलंच नाही. मग एक दिवस बायको म्हणाली, "माझी पाण्याची ओळ ऱ्हायली का गेली, बघा बरं." (गेली होती.) ती शोधत खाली सरकत गेलो आणि थबकलो. ‘नागरी समस्या’ या नव्या भागात एक मोठं, रंगीत छायाचित्र होतं. पंधरा फुटी आई हसत होती! वरचं ‘लातूर पॅटर्नची अन्नपूर्णा’ आणि खालचं ‘प्रयागमावशी मेसवाल्या’ लख्ख वाचता येत होतं. छायाचित्राखाली कोराकागदने ओळ दिली होती, ‘शहराचे विद्रूपीकरण करणारा एक अनधिकृत फलक.’

मी मोबाइल लपवायच्या आत आईने चष्मा लावला होता.

"आगं माय! मीच की ही! इतिहासात आले का रं मी?"

"आलीस गं. पण..."

तिने बोट फिरवत खालची ओळ जुळवून वाचली. "अनधिकृत म्हंजी काय?"

"म्हणजे... परवानगी न घेता केलेलं."

आई इतकी हसली की गुडघा धरून बसली. "आरं, मंग बरूबर हाय की! माझी मेस तरी मी कवा कुनाची परवानगी घिऊन चालू केली व्हती?"

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना फोन करून पान उघडायला लावलं. आता गल्लीत कुणीही आलं की ते छायाचित्र दाखवलं जातं, आणि मीही कॉलेजात पोरांना ते दाखवतो, छाती फुगवून. त्यात आईच्या खाली उजव्या कोपऱ्यात मी आहे, हात जोडून, नाव आणि हुद्द्यासकट. लातूरच्या विद्रूपीकरणात ग्रंथपाल दिनकर यांचा वाटा आहे, हे आता जगजाहीर झालं आहे. आणि या एका विधानाला आजवर कुणीही संदर्भ मागितलेला नाही!